गाणे ऐकायचे की पाहायचे?

आमच्या आत्याबाई यंदा ८२ वर्षांच्या झाल्या. काचबिंदूमुळे त्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. कान मात्र तरुण माणसाला लाजवतील असे तीक्ष्ण आहेत. पहाटे जाग यावी, उशाशी ठेवलेला टेपरेकॉर्डर चाचपून लावावा आणि अंथरुणातच दोन-चार अभंग ऐकून मग दिवसाचा आरंभ करावा, हा त्यांचा तीस-पस्तीस वर्षांचा नेम होता. गेल्या वर्षी त्या टेपरेकॉर्डरने कायमचे मौन धरले. बसवकल्याणच्या बाजारात तो काखोटीस मारून आम्ही बरेच हिंडलो. पण असली यंत्रे उघडून बघणारे आता कोणी राहिले नाही, हेच एकेका दुकानात ऐकून परतलो.

हैदराबादेस शिकणारा आमचा नातू दिवाळीला आला, तो आत्याआजीसाठी नवाकोरा मोबाईल घेऊनच. “यात हवं ते गाणं आहे, आणि गाणारा माणूससुद्धा दिसतो!” असे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाईंची हाक आली, “काय की रे बाबा, हे मधीच थांबतंय!” चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आपल्याला दिसत नाही, मग उगाच दिवा कशाला जाळायचा, अशा जुन्या काटकसरी बुद्धीने त्या बाजूचे बटण दाबून पडदा विझवीत होत्या आणि पडदा विझताच गाणेही थांबत होते. नातवाने समजावले, “आत्याआजी, पडदा चालूच ठेवायचा असतो. ते व्हिडिओ आहेत.” त्यावर त्या म्हणाल्या, “मला गाणं ऐकायचंय रे. बघायचं कुठं आहे?”

त्या दिवशी चहाच्या वेळी घरात वाद रंगला. गाणे वाजविणाऱ्या, हातात मावणाऱ्या यंत्राने चित्रही दाखवावे की नाही? नातवाचे म्हणणे, जे यंत्र दोन्ही करते त्याला एकच कर म्हणून सांगणे हा वेडेपणा. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, चित्र आले की घरातली कामे खोळंबतात. आम्ही दोन्हीकडे मान डोलावीत राहिलो आणि मग या प्रश्नाच्या मागे लागलो. वाचकहो, वरवर पाहता हा खेळण्यांचा प्रश्न वाटतो. परंतु परप्रांतात मराठी संसार मांडून बसलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्यात थोडे अधिक लक्ष घालावे लागेल, असे आमचे मत झाले आहे. ते का, ते सांगतो.

खिशातल्या गाण्याचा प्रवास

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आपली छोटी कॅसेट जगापुढे ठेवली. पुढे १ जुलै १९७९ रोजी जपानात सोनीचा वॉकमन विक्रीस आला. त्याला चित्र नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता, ध्वनिमुद्रणाचीही सोय नव्हती. इतके सारे वजा केलेले यंत्र कोण घेणार, अशी शंका येणे स्वाभाविक होते. पण लोकांनी ते उचलून धरले. कारण ते कमरेला अडकवून चालता येई, हाताने काम करता येई आणि डोळे रस्त्यावर ठेवता येत. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती, म्हणजे दोघांनी मिळून एकच गाणे ऐकावे अशी योजना होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच कंपनीने १९८२ साली ‘वॉचमन’ नावाचा खिशातला दूरदर्शनसंच काढला. नाव जवळजवळ तेच होते, पण वॉकमनचे भाग्य काही त्याच्या वाट्यास आले नाही. लहानशा पडद्याकडे टक लावून रस्त्याने चालता येत नाही, एवढे साधे कारणही त्याला पुरेसे होते.

अॅपलचा आयपॉड २००१ च्या ऑक्टोबरात आला तो केवळ गाण्यांसाठी. एक हजार गाणी खिशात, हे त्याचे आकर्षण. चित्र दाखविणारी यंत्रे दुसऱ्या काही कंपन्यांनी मधल्या काळात आणली आणि २००५ च्या ऑक्टोबरात आयपॉडनेही अडीच इंची पडद्यावर चित्रफिती दाखवावयास आरंभ केला. पुढे मोबाईलने गाणे, चित्र, पत्र, बाजार आणि बँक असे सर्व एकाच पेटीत कोंबले आणि २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबले. म्हणजे बाजाराच्या दृष्टीने वाद मिटला आहे. चित्र जिंकले आहे.

पण तसे म्हणावे, तर २०१७ साली आपल्याच देशात घडलेल्या एका गोष्टीचा अर्थ लागत नाही. सारेगामा कंपनीने जुन्या रेडिओच्या आकाराची ‘कारवाँ’ नावाची पेटी बाजारात आणली. आत ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली. बटण फिरवावे आणि ऐकावे. चित्र दाखविण्याची सोयच नाही. स्वस्त इंटरनेट देणारे जिओ आदल्याच वर्षी, २०१६ च्या सप्टेंबरात सुरू झाले होते आणि हवी ती चित्रफीत हाताशी आली होती. तरीही मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून या पेट्या नेल्या आणि पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. ज्यांना ती भेट मिळाली त्यांना चित्राचे वावडे होते असे नव्हे. गाण्यासाठी गाणे एवढेच त्यांना हवे होते.

कल्याणच्या राजाचा ग्रंथ

हा वाद आमच्या गावाला नवा नाही, असे म्हटले तर वाचक हसतील. पण बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. येथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून खेळांपर्यंत सारे काही आले आहे. त्यातील करमणुकीच्या विभागात राजाने गीतविनोद, वाद्यविनोद आणि नृत्यविनोद असे वेगवेगळे अध्याय केले आहेत. कानाचे सुख आणि डोळ्यांचे सुख यांची त्याने सरमिसळ केली नाही. प्रत्येकाला आपापले आसन दिले.

उलट पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य आणि नृत्य ही तिन्ही मिळून संगीत होते, अशी व्याख्या दिली. म्हणजे आमचा नातू देवगिरीच्या पक्षाचा आणि आत्याबाई कल्याणच्या! दोन्ही पक्षांना आठ-नऊशे वर्षांचा आधार आहे, तेव्हा कोणी कोणाला मागासलेले म्हणण्याचे कारण नाही.

मानसोल्लासातील आणखी एक गोष्ट मराठी माणसाने हृदयाशी धरावी अशी आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. कल्याणच्या राजसिंहासनापर्यंत उखळाजवळचे मराठी गाणे पोहोचले होते, ही गोष्ट सामान्य नव्हे. आणि ते गाणे कसे होते? हात मुसळावर, लक्ष धान्यावर आणि कंठात ओवी. जी गात होती तिला कोणी पाहावे अशी अपेक्षा नव्हती. पहाटेच्या अंधारात, ओसरीच्या कोपऱ्यात, शेजारच्या घरापर्यंत जात होता तो नुसता आवाज. श्रमाचा भार हलका करणारे गाणे डोळ्यांकडून काही मागत नाही, म्हणूनच ते श्रमाच्या उपयोगी पडते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून त्या जगापुढे ठेवावयास आरंभ केला. तेथे ओव्यांचे शब्द आहेत, आवाज आहेत आणि काही बायकांच्या चित्रफितीही आहेत. आम्ही त्या पाहिल्या. जात्याचा खुंटा दोघींनी मिळून कसा धरावा, गाताना एकीने थांबावे आणि दुसरीने उचलावे ते कसे, हे चित्रावाचून कळले नसते, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

चित्राची बाजू

तेव्हा चित्राची बाजू नीट मांडलीच पाहिजे. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्यासारखेच सीमेवरचे. त्यांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले. त्या परंपरेचे शिखर असलेल्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आज आपण ऐकतो. पण ज्यांनी त्यांना रंगमंचावर पाहिले होते ते वडीलधारे सांगत, की ऐकणे म्हणजे निम्मेच. शालू नेसून ते प्रवेश करीत तेव्हाचा सभागृहातील श्वास कोणत्याही तबकडीत उतरलेला नाही. कीर्तन, लावणी, भारूड यांचेही तसेच. हातवारा गेला की अर्थाचा एक हात तुटतो.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती आमच्या नातीच्या वयाची. मोबाईलवर लावणी लागली की ती नाचणारीच्या पावलांकडे एकटक बघते आणि मांडीवर अचूक ठेका धरते. त्या पोरीच्या मांडीवरचा ठेका आम्ही पाहिला आणि ‘यंत्राने फक्त गावे’ असे ठासून म्हणण्याचे धाडस आमच्याच्याने होईना. तिच्या वाट्याला गाणे येते ते डोळ्यांतूनच.

शिवाय आपल्या भागात मराठी नाटक कधी येणार? चांगला मराठी चित्रपट पाहावयाचा तर सोलापूर नाहीतर लातूर गाठावे लागते. परदेशी गेलेल्या मुलांची तोंडे दिसतात ती याच पडद्यावर. या सोयी नाकारणारा माणूस एकतर संन्यासी असला पाहिजे किंवा ढोंगी.

कानातून शिकलेली भाषा

एवढे मान्य केल्यावरही आत्याबाईंचे म्हणणे आमच्या मनातून जाईना. त्याचे कारण आपल्या भाषेशी निगडित आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. कल्याण, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. सोयरीक दोन्हीकडे, शेत एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, अशी आमची अवस्था. आमच्या घरातली मुले कन्नड शिकली, इंग्रजी शिकली, हैदराबादची दखनी बोलू लागली, आणि ते चांगलेच झाले. याच मातीतील लाडवंतीला जन्मलेल्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. भाषांचा शेजार ही आमच्याकडे अडचण नव्हे, श्रीमंती आहे. पण या श्रीमंतीत मराठीचा वाटा मुलांना शाळेतून मिळाला नाही. तो मिळाला कानांतून. आजीच्या गोष्टी, सोलापूर-परभणीचे रेडिओ केंद्र, भजनाच्या कॅसेटी, एवढीच त्यांची मराठी शाळा.

ऐकलेला शब्द प्रश्न विचारावयास लावतो. एकदा आत्याबाईंची ओवी ऐकून आमच्या नातीने विचारले, “आत्याआजी, मुसळ म्हणजे काय?” आत्याबाईंनी माळ्यावरून मुसळ काढावयास लावले, तिच्या हाती दिले आणि चार घाव घालून घेतले. तो शब्द ती आता जन्मात विसरणार नाही. चित्रफितीत मुसळ आपोआप दिसले असते आणि विचारण्याचे कारणच उरले नसते. चित्र अर्थ सांगून मोकळे होते. शब्द न कळताही गोष्ट कळते. परक्या भाषेतील व्यंग्यचित्रपट आमची लहान मुले खदखदा हसत बघतात ते त्यामुळेच. ज्या घरात भाषा सर्व बाजूंनी भेटते तेथे यात काही बिघडत नाही. ज्या घरात ती केवळ कानाच्या एका दारातून येते तेथे ते दार उघडे राहिलेच पाहिजे.

आणि नुसत्या आवाजाचे सामर्थ्य कमी समजू नये. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकतो, त्या न पाहिलेल्या गायकाच्या सुराने वेडा होतो आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडतो. पुढे त्याच भीमसेन जोशींनी मराठी अभंग घरोघरी नेला. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर आणि फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर दर आठवड्याला प्रसृत झाले, तेव्हा अयोध्या कोणी दाखविली नव्हती. प्रत्येक श्रोत्याने ती आपापल्या घरात उभारली.

पडदा कोणासाठी पेटतो?

मग खरी अडचण कोठे आहे? ती चित्रात नाही, चित्राच्या सक्तीत आहे, असे आम्हांस वाटते.

आत्याबाईंचा मोबाईल पडदा विझताच का थांबत होता? यंत्र बिघडले नव्हते. ते ॲप फुकट वापरता येते, कारण त्याचा खर्च जाहिराती भागवितात. आणि जाहिरातीला लागतात डोळे. पैसे भरले तर पडदा बंद ठेवूनही गाणे ऐकता येते, असे नातवाने नंतर शोधून काढले. म्हणजे पूर्वी गाण्याबरोबर चित्र हवे तर जादा दाम पडे, आता चित्र नको म्हणण्यासाठी दाम मोजावे लागते!

हिशेबही पाहा. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने गाणे ऐकले तर तासाला सुमारे ५८ मेगाबाइट खर्च होतात. सेकंदाला एक मेगाबिट एवढी साधीच चित्रफीत लावली तर तासाला ४५० मेगाबाइट. जवळजवळ आठपट, आणि बॅटरी जाते ती वेगळी. आमच्या गावाजवळून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो. रात्रभर ट्रक हाकणाऱ्या माणसाला गाण्याची सोबत हवी. त्याच्या समोर पेटलेला पडदा ही सोबत नव्हे, संकट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहन चालविताना हातात मोबाईल वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते. परंतु कायदा फार तर हात पकडील. रस्त्यावरून ढळलेली नजर कोण पकडणार?

गाणे आणि चित्र यांचा योग्य संसार कसा असावा, याचे एक उदाहरण आम्हांस आकाशात सापडले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत आणि त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. संगीताच्या २७ तुकड्यांत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि त्याच तबकडीच्या खाचांत ११५ चित्रेही सांकेतिक रूपाने कोरलेली आहेत. गाणे आणि चित्र एकाच तबकडीवर, पण वेगवेगळे. भैरवी ऐकावयाची तर चित्र पाहण्याची अट नाही. कल्याणच्या राजाला ही रचना आवडली असती.

आम्ही काय केले

आमच्या घरचा वाद असा मिटला. नातवाने बाजारातून मेमरी कार्डावर चालणारा एक लहान ध्वनिक्षेपक आणला. त्याला चारच बटणे. अक्षरे दिसत नसल्याने त्याने सुरू करण्याच्या बटणावर आत्याबाईंसाठी रेशमी दोऱ्याची बारीक गाठ चिकटविली. पहाटेचे अभंग पुन्हा सुरू झाले. मोबाईल घरातच आहे. संध्याकाळी तो सर्वांचा असतो आणि शेजारची ती मुलगी लावणी पाहावयास येते.

नंतर नातवाने मनावर घेतले आणि आत्याबाईंच्या ओव्या मुद्रित करावयाचे ठरविले. तो मोबाईल समोर धरून बसला, तशा त्या संकोचल्या. पदर सारखा करू लागल्या आणि ओवी काही आठवेना. मग त्याने पडदा झाकला, यंत्र उशीवर पालथे ठेवले आणि खोलीतला दिवा मालवला. थोड्या वेळाने अंधारातून ओवी आली आणि मग एकामागून एक येतच राहिल्या. आम्ही मोजल्या त्या ४३. त्यांतल्या काही आम्ही साठ वर्षांत ऐकल्या नव्हत्या. एकीत तर आमच्या आईचे नाव होते.

दुसऱ्या दिवशी उजेडात त्याने जाते आणि खुंट्यावरचे त्यांचे हात यांची तेवढी चित्रफीत घेतली. ती निराळी ठेवली आहे. आवाज निराळा आहे.

वाचकहो, आपल्या घरीही अशी कोणी म्हातारी असेल. तिचे चित्र अवश्य घ्या. पण आधी तिचा आवाज घ्या, आणि तो असा ठेवा की तो ऐकण्यासाठी पडदा पेटवावा लागणार नाही.